काकांचं पोच्ड एग

आमच्या वरच्या मजल्यावरचे काका वस्तूंशी बोलतात. स्कूटरला चुचकारतात, नळाला दम देतात. त्यांची पुण्याहून आलेली नवी सून मात्र गप्पच असायची. तिला माहेरी रविवारी पोच्ड एग, म्हणजे कवच काढून पाण्यात शिजवलेलं अंडं, खायची सवय होती, हे कळल्यावर काकांनी मला मदतीला बोलावलं. उकळत्या पाण्यात अंडं सोडून ते ओरडले, "पांगू नको की!" अंडी पांगतच राहिली. शेवटी एक नीट गोळा होऊन वर आलं. काकांनी ते श्वास रोखून कडक भाकरीवर ठेवलं आणि सुनेपुढे नेलं. तिनं चमचा टोचला. पिवळा बलक भाकरीभर पसरला.

"आरं देवा, फुटलं की!"

"बाबा, ते फोडूनच खायचं असतं," म्हणत ती खळखळून हसली.

काका माझ्याकडे वळले. "मग आपण एवढं जपलं कशापायी?"