मोहाखाली उभं राहायची सोय

माह्या नवऱ्याले स्वस्थ बसलेलं मी कधी पाह्यलंच नाई. चिमूरच्या रस्त्यावर त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. गिऱ्हाईक नांगराचा फाळ घेऊन ताटकळत राह्यते, अन हा आपला बांबूले तारा गुंडाळून राह्यला असते. गावातले लोक म्हणतेत, ह्याचं डोकं सरकलं. मीही म्हणलं आहे, तेही तोंडावर.

खरं तं त्याच्या डोक्यात एकच गोष्ट. तो लहान असताना त्याची मोठी बहीण मोहफुलं वेचायले गेली अन वाघानं नेली. चैतात फुलं पहाटे पडतेत. ढोरं-हरणं खाऊन टाकायच्या आत वेचायची, म्हणून आमच्याकडं बाया उजाडायच्या आधीच जंगलात जातेत. उकिडवं बसून, मान खाली घालून वेचा लागते, अन तसं बसलेलं माणूस वाघाले जनावरच वाटते. त्या दिवशी माही सासू बाजूच्याच झाडाखाली होती. तरी ती दर साली जाते, तशीच बसते. अन हा माणूस आपल्या मायले उभं करायच्या मागं लागला आहे.

आधी मुखवटा केला. जुन्या बादलीचं बूड कापलं, त्यावर डोळे-मिशा रंगवल्या, डोक्यामागं बांधायले. वाघ म्हणे मागूनच झडप घालते, तोंडावर येत नाई. सासूनं तो वांग्याच्या वाफ्यात माकडांसाठी टांगून दिला. मंग लांब दांड्याचा तारेचा रूळ निघाला, उभ्यानं फिरवायचा. फुलं आली, पण चेंदामेंदा होऊन, मातीसकट. व्यापाऱ्यानं हात लावला नाई. मंग कंबरेले बांधायचं घुंगराचं एक यंत्र झालं, त्याचं तं नावच काढू नका.

मंग जाळी. घरातली जुनी लुगडी फाडली, अन त्यातच माही एक चांगली साडी बी गेली. मी किती दिवस बोललीच नाई त्याच्याशी. झाडाखाली कंबरेएवढी उंच जाळी बांधली. "आता फुलं जाळीत पडतीन," म्हणे, "उजाडल्यावर आरामात जाऊ." गेलो बाप्पा आरामात, चहा पिऊन. पाह्यतो तं काय, अस्वल उभ्या उभ्या जेवून राह्यलं होतं. वाकायचा त्रास त्याचाच वाचला होता. आम्ही दुरूनच मागं फिरलो. गावात सारे पोट धरून हसले, अस्वलाले ताट वाढून दिलं म्हणून. हा हसला नाई. रस्ताभर मलेच विचारून राह्यला, "अस्वलाचा हात किती वर पुरत असन वं?"

एकदा जिल्ह्याच्या प्रदर्शनात सारं घेऊन गेलो. एका साहेबानं फोटो काढला, कोणत्या कंपनीचं म्हणून विचारलं. "माह्यंच आहे," हा म्हणाला, तं साहेब पुढच्या टेबलाकडं गेले. माह्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याले त्याचं काही नाई. बसमध्ये गाठोडं मांडीवर घेऊन विचारते, "माय यंदा तरी येईन का?"

यंदा जाळी पार डोक्याच्या वर नेली. अस्वल झाडावर चढते, पण लुगड्यावर काही चालत नाई. जाळीच्या बुडाशी दोरीनं बंद होणारं तोंड, खाली तिवईवर टोपली. दोरी ओढली की फुलं टोपलीत. मी सासूच्या मागं लागली, "आत्याबाई, एक डाव पाहा तं खरं." आली, कुरकुर करतच. हातानं उचललं नाई तं झाड रुसते म्हणे.

तिनं दोरी ओढली. भसकन फुलं पडली, स्वच्छ, कोरी. एक उचलून तिनं हुंगलं. वर जाळीकडं पाहत राह्यली. आता काही चांगलं बोलते म्हणून मी कान देऊन उभी.

"हे तवा असतं," ती म्हणाली, "तं माही पोरगी राह्यली असती."

असा राग आला मले. इतक्या वर्षांत एक चांगला शब्द नाई, अन निघाला तं असा. पण बाई खोटं बोलली नव्हती.

"तवा मी लहान होतो, माय," हा म्हणाला.

"मले मालूम आहे रे, बाबू."

हा माणूस तिथंच मटकन खाली बसला. झाडाखाली, उकिडवा, मान खाली घालून रडायले लागला. सासूनं त्याले उठवलं नाई. ती त्याच्या पाठीमागं जाऊन उभी राह्यली, जंगलाकडं तोंड करून. मी दुसऱ्या बाजूनं उभी राह्यली.