थंडाची नळी

त्यांना सगळे फुंकरकाका म्हणायचे. गॅसचा गिझर उघडला की आधी ते बर्नरच्या बारीक भोकांवर एक लांब फुंकर मारत, मग चष्मा कपाळावर सरकवत आणि त्यानंतरच हत्याराला हात घालत. सव्वीस वर्षं त्यांनी हेच एक काम केलं. नळ सोडला की पेटणारे आणि नळ बंद केला की विझणारे, टाकी नसलेले ते भिंतीवरचे गिझर त्यांना माणसांसारखे ओळखू यायचे. काकू म्हणायच्या, "माझ्या माहेरच्यांची नावं यांना आठवत नाहीत, पण कोणाच्या घरचा गिझर कुठल्या साली खोकत होता ते बरोबर लक्षात राहतं."

त्यांची पद्धत साधी होती. एक बोट थंड पाणी आत नेणाऱ्या नळीवर, एक बोट गरम पाणी बाहेर आणणाऱ्या नळीवर. मिनिटभर डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगून टाकायचे, कॉइलमध्ये क्षार साठलाय, किंवा जाळीत कचरा अडकलाय, किंवा काही झालेलं नाही, तुम्हीच नळ पुरता सोडत नाही. दहात नऊ वेळा तेच निघायचं.

पण गेलं वर्षभर त्या बोटांना काही कळेनासं झालं होतं. आधी स्क्रू हातातून निसटायला लागले, मग शर्टाची बटणं लावताना तारांबळ उडायला लागली. साखरेचा आजार जुनाच होता. त्याने आता बोटांची टोकं धरली होती. काकांनी हे कोणाला सांगितलं नाही. हातावर पोट असलेल्या माणसाने हाताचीच तक्रार कोणाकडे करायची?

अशात कोपऱ्यावरच्या पार्लरमधून बोलावणं आलं. पार्लर चालवणाऱ्या बाई मोठ्या आवाजाच्या आणि मनाने तितक्याच मोकळ्या. त्यांचा गिझर दुपारी चालता चालता मध्येच बंद पडायचा. गिझरच्या छोट्या पडद्यावर लाल अक्षर लुकलुकायचं, टिंग टिंग वाजायचं, आणि एखादी बाई डोक्यावर फेसाचा डोंगर घेऊन बेसिनपाशी मान मागे टाकून बसलेली असायची.

"पाणी प्रमाणाबाहेर तापतंय," काका म्हणाले. "म्हणून आतला सेन्सर गॅस तोडतो. तो त्याचं काम करतोय. पाणी का तापतंय ते बघायला हवं."

पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी गरम नळीवरचा तो सेन्सर बदलला. दुसऱ्यांदा कॉइल सोडवून आतला क्षार धुऊन काढला. दुपारी दुकानात गर्दी, म्हणून दोन्ही वेळा बाईंनी त्यांना सकाळीच बोलावलं होतं, आणि सकाळी तो गिझर शहाण्या मुलासारखा वागायचा. दुपार झाली की पुन्हा तेच लाल अक्षर.

तिसऱ्यांदा काका मुद्दाम दुपारी गेले. नेहमीसारखी दोन्ही नळ्यांवर बोटं ठेवून उभे राहिले. गिझर पेटला, दोन मिनिटं चालला आणि विझला. काकांनी मान हलवली.

"सर्किट गेलं असणार. नवं बसवायला लागेल, नाहीतर गिझरच बदला."

बाईंचा दीर तिथे बसला होता. तो म्हणाला, "काका, एवढं कशाला? सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडून टाका. कटकटच नको."

"ती कटकट तुमच्या वहिनींच्या गिऱ्हाइकांना सांभाळतेय," काका एकदम तापले. "ती काढली तर एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर उकळतं पाणी पडेल. असलं काम मी करत नाही. दुसऱ्या कोणाला करूही देऊ नका."

इतकं बोलून ते घरी आले खरे, पण मनात खुटखुट होती. एकाच गिझरपुढे तीनदा हात टेकायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

संध्याकाळी जेवायला बसले तेव्हा काकूंचं लक्ष गेलं.

"हे काय झालंय बोटांना?"

"कुठे काय?"

"अहो, फोड आलेत केवढे!"

काकांनी हात उलटा करून पाहिला. दोन बोटांच्या टोकांवर पांढरे, टपोरे फोड होते. दुसऱ्या कोणाचा हात पाहावा तसे ते आपल्याच हाताकडे बघत राहिले. दुपारी गरम नळी दोन बोटांनी दाबून धरली होती, तेव्हाच भाजलं असणार.

"भाजलं तेव्हा कळलं नाही तुम्हाला?"

काकांनी घास ताटात ठेवला. "नाही कळलं."

"कधीपासून हे?"

"वर्ष होईल. बोटांना मुंग्या यायच्या. मग मुंग्याही यायच्या थांबल्या. मध्ये बरं वाटत होतं गं. बटणं पटापट लागायला लागली होती."

काकू घरीच शिवणकाम करायच्या. लोकांच्या कपड्यांची उंची कमी करणं, चेन बदलणं, असली कामं. त्या खाली बघत म्हणाल्या, "ती काजं मी मोठी केली. तुमच्या सगळ्या शर्टांची. मला वाटलं, डोळ्यांनी कमी दिसतंय तुम्हाला, आणि सांगायला लाजताय."

काका खो खो हसले. हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. काकूंनी त्यांचा हात गार पाण्यात धरला, मलम लावलं, जुन्या मऊ कापडाची पट्टी बांधली आणि गाठ मारताना म्हणाल्या, "उद्या मी येते पार्लरमध्ये."

"तू? तू येऊन काय करणार?"

"तुम्ही सांगाल तिथे हात लावणार. चाळीस वर्षं कापड चाचपतेय मी. एवढं तरी कळेल."

"लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, काकांनी हाताखाली माणूस ठेवलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं पार्लरमध्ये गेले. काकू पदर खोचून गिझरपुढे उभ्या राहिल्या. बाईंनी नळ सोडला, गिझर पेटला.

"तळवा लावू नकोस," काका हळूच म्हणाले. "मागची बाजू लाव हाताची, आणि लगेच काढ. ही गरमाची."

"हाय हाय! ही तर चांगलीच गरम आहे."

"असणारच. आता ही थंडाची. आत येणारी."

काकूंनी हात लावला आणि काढलाच नाही. त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ही थंडाची कसली? तान्ह्या बाळाला अंघोळ घालावी इतकी कोमट आहे. कोमटाहून जास्तच."

"नीट बघ."

"नीटच बघतेय. हे तर गिझरमध्ये जायच्या आधीचं पाणी ना?"

काका त्या नळीचा माग काढत भिंतीच्या टोकापर्यंत गेले. मग मागच्या खिडकीतून त्यांनी मान बाहेर काढली. शेजारच्या शेडच्या पत्र्यावरून एक लांबलचक काळी नळी उन्हात आडवी पडली होती.

"बाई, ही नळी कधी टाकली?"

"झाले की दोन महिने. जुनी नळी भिंतीत गळायला लागली, तर प्लंबरने वरून नवी टाकून दिली. का हो?"

"तिथेच घोटाळा आहे. पाणी उन्हात तापूनच आत येतंय. त्यात तुमच्या बेसिनवरच्या फवाऱ्याची धार बारीक, आणि गॅसचं बटण अजून थंडीतल्यासारखंच मोठं. तापलेल्या पाण्याला गिझर आणखी तापवतो. मग सेन्सर गॅस तोडणार नाही तर काय करणार?" त्यांनी पट्टी बांधलेली बोटं पुढे केली. "सर्किट चांगलं आहे. सेन्सरही चांगलाच होता. काल ही नळी मी धरली होती, बाई. मला ती थंड वाटली. माझ्या बोटांना हल्ली काही कळत नाही."

बाहेरच्या माणसापुढे हे ते पहिल्यांदाच बोलले. बाईंचा मोठा आवाज एकदम खाली आला. "मग काकूंना आधीच का नाही आणलंत?" एवढंच त्या म्हणाल्या.

प्लंबरला बोलावून नळी पत्र्यावरून काढली आणि भिंतीच्या सावलीतून फिरवून घेतली. जिथे ऊन चुकत नव्हतं तिथे काकूंनी जाड कापड गुंडाळायला घेतलं, पण काका म्हणाले की ते पावसात भिजून कुजेल, आणि त्यांनी फोमचं आवरण आणून चढवलं. गॅसचं बटण कमीवर आणलं, फवारा मोठ्या भोकांचा बसवला. मग बाईंनी काकांना खुर्चीत बसवलं.

"आता चाचणी तुमच्याच डोक्यावर."

"अहो, माझ्या डोक्यावर आहेतच किती केस!"

"आहेत तेवढे धुऊ."

काकूंनी पाण्याची धार आधी आपल्या मनगटावर घेतली आणि मान हलवली. काकांनी डोळे मिटून मान मागे टाकली. बोटांना कळत नसलं तरी टाळूला सगळं कळत होतं. पाच मिनिटं झाली, आठ झाली, पाणी होतं तसंच ऊन राहिलं. समोरच्या घड्याळाकडे बघणारा दीर शेवटी म्हणाला, "बास, काका. पटलं."

पुढच्याच आठवड्यात काकूंनी त्यांना डॉक्टरांकडे नेलं. गेलेली जाणीव परत येईलच असं नाही, डॉक्टर म्हणाले, पण साखर आवरली तर आहे ती टिकेल. काका पथ्य पाळायला लागले, थोडी कुरकुर करत. काम मात्र सोडलं नाही. आता ते दोघांचं झालं. डोकं काकांचं आणि हात काकूंचे. कधी वाद व्हायचा. काकू म्हणायच्या "जास्त गरम", काका म्हणायचे "किती जास्त ते सांग", आणि काकू वैतागून म्हणायच्या, "चहा ओतल्यावर लगेच प्यायला जाता तेवढं!" काकांना त्यावरून नेमकं कळायचं.

मग गॅसवाल्यांनी कारागिरांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण ठेवलं तेव्हा काकांनी स्वतः जाऊन काकूंचं नाव घातलं. वर्गात त्या एकट्याच बाई होत्या. काका दोन्ही दिवस बाहेर बाकावर पाण्याची बाटली घेऊन बसून राहिले. दुसऱ्या दिवशी काकू बाहेर आल्या त्या बोलतच. वायुवीजन का लागतं, बंद न्हाणीघरात गिझर का लावू नये, गळती साबणाच्या फेसाने कशी शोधायची. घर येईपर्यंत त्यांचं चालूच होतं. काकांना त्यातलं अक्षर न् अक्षर पाठ होतं. तरी ते सगळी वाट "हो का?" म्हणत ऐकत राहिले, आणि रस्ता ओलांडताना त्यांनी काकूंचा हात धरला.