दरीकडच्या खोलीवर तिघांचा डोळा

माझा साडू विलास मला अतिशय आवडतो. फक्त त्याच्याकडे जे जे आहे, ते मला बघवत नाही. मी नागपूरच्या महाल भागात फुटपाथवर कुलपं विकता विकता हार्डवेअरचं दुकान उभं केलं आणि मनीषनगरात फ्लॅट घेतला. विलासने बेसा भागात बंगला बांधला. (कड्या-कोयंडे माझ्याच दुकानातून नेले, तेही एका शब्दाची घासाघीस न करता! अशा माणसाबद्दल आदर वाटणार कसा?)

मागच्या हिवाळ्यात हा गृहस्थ चिखलदऱ्याला गेला. तिथल्या एका हॉटेलात दरीकडे बाल्कनी असलेली एकच खोली, आणि ती नेमकी याला मिळाली! बाल्कनीतल्या त्याच्या चहाचा फोटो माझ्या बायकोने इतक्यांदा पाहिला, की तो चहा माझ्या डोक्यात उकळायला लागला.

"यंदा नाताळात मले तीच खोली पाहिजे," सुषमाने बजावलं. "पार्किंगकडची घेतली तर मी गाडीतून उतरणार नाही."

मी संगणक उघडला. पोरगी म्हणाली, "बाबा, एकाच ब्राउझरवर पाहू नका. कधीकधी रेट वेगळे दिसतात."

म्हणजे चार दुकानं फिरायची! हे तर माझंच काम. रंगीत चकतीवाला ब्राउझर चपळ खरा, पण पंगतीतल्या खादाड पाहुण्यासारखा. तो बसला की बाकीच्यांना जागाच उरत नाही. कोल्हावाला सज्जन. इकडचं तिकडे सांगत नाही, पण पान उघडताना जरा विचार करतो. निळ्या लाटेवाला संगणकाबरोबर फुकट आला आणि फुकट आलेल्या माणसासारखाच चिकट. दर थोड्या वेळाने विचारतो, "मलाच कायमचा ठेवता का?" आणि सिंहवाला जाहिरातींना उंबरठ्यावरूनच हाकलतो. दुकानात असा एक गडी मला फार दिवसांपासून हवा होता.

चौघांवरही मी तीच खोली उघडली आणि अगदी पैसे भरायच्या पानापर्यंत नेऊन सोडून दिली. साडीच्या दुकानात माझी हीच रीत आहे. साडी बांधायला लावायची, उठायचं, पायरी उतरायची, मागून हाक येतेच, "या भाऊ, या!"

हाक आली नाही. पडद्यावर लाल अक्षरं आली : 'ही खोली आणखी तिघे पाहत आहेत!'

माझं टाळकंच सरकलं. तिघे! विलास, त्याची बायको आणि पोरगा! लगेच फोन लावला.

"विलास, लाज नाही वाटत तुले?"

"काय झालं गा, भाऊ?"

"चिखलदऱ्याच्या नाताळातल्या खोलीवर काहून टपून बसले तुम्ही तिघं?"

"मी तर गच्चीवर टाकी धुऊन राहिलो ना!"

"टाकी धुवायले इंटरनेट लागते काय?"

"पण ते बाल्कनीवाली खोली रिकामी आहे काय भाऊ? नाताळात? आम्हाले वाटलं, भरली असन."

"एकच उरली आहे! आन् ती माझी आहे!" असं म्हणून मी फोन आपटला. (गादीवर. फोन महाग आहे.)

तेवढ्यात निळ्या लाटेने पुन्हा विचारलं, कायमचा ठेवता का? रागाने तिला बंद केलं. उरलेल्या पानांवरची लाल अक्षरं बदलली : 'आणखी दोघे'.

"पाह्य! विलासची बायको पळाली!" मी ओरडलो.

संगणक अडखळत होता म्हणून रंगीत चकतीही बंद केली. 'आणखी एक'.

"पोरगंही गेलं!"

पोरगी माझ्याकडे जरा विचित्र नजरेने बघत होती. "बाबा, आता कोल्हा बंद करून पाहा."

केला. सिंहाच्या पानावरची लाल अक्षरंच गायब झाली.

"ते तिघं तुम्हीच होते, बाबा. एकेक ब्राउझर म्हणजे एकेक गिऱ्हाईक."

आतून सुषमाचं हसू ऐकू आलं. दुसरा कोणी असता तर खाली मान घालून खोली घेऊन मोकळा झाला असता. पण मी धंदेवाला माणूस!

"म्हणजे दुसरं गिऱ्हाईकच नाही," मी म्हणालो. "आता हॉटेलवालाच भाव पाडन. सुषमा, चहा ठेव."

चहा निवांत पिऊन पुन्हा पाहिलं, तर पान म्हणालं, 'ही खोली आता उपलब्ध नाही.' आणि फोन वाजला.

"भाऊ, लई उपकार झाले गा तुमचे! तुम्ही फोन केला म्हणून पाहिलं, तर खोली खरंच रिकामी! घेऊन टाकली!"

माझ्या तोंडून कसंबसं निघालं, "कोणत्या ब्राउझरवरून?"

"ते काय असते गा, भाऊ? फोन उघडला आन् दाबलं!"

तेव्हापासून माझे तीन ब्राउझर मला रोज त्याच खोलीची जाहिरात दाखवतात. चौथा, सिंहवाला, इमानदार आहे, तो जाहिरात अडवतो. त्यामुळे त्याच्या वाटचं काम सुषमा करते. रोज सकाळी चहाबरोबर ती मला विलासचं स्टेटस दाखवते : तीच बाल्कनी, तोच चहा.