शनिवारचे लोखंड

शनिवारी लोखंड घरात आणायचे नाही, हा आमच्या घरचा नियम माझ्या आईचा. मुहूर्तशास्त्राचे जेवढे ग्रंथ मी वाचले, त्यांत या नियमाला आधार कुठेच आढळला नाही. तरी आई गेल्यावरही मी तो मोडला नाही.

आसेगावातले आमचे मातीचे घर पाडून त्याच जागी आम्ही दोन खोल्या बांधत होतो. संस्कृत पाठशाळेत चाळीस वर्षे शिकवून जे शिल्लक राहिले, ते सारे त्यात घातले होते. मी आणि माझी पत्नी अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये राहत होतो. चैत्रात भिंती पूर्ण झाल्या, स्लॅबचे सेंट्रिंग भाड्याने आणून ठोकले. सळया बांधणारे नवरा-बायको किन्हीराजाकडचे. होळीनंतर ते दरवर्षी पुण्याला कामाला जात. यंदा माझ्या शब्दाखातर थांबले होते.

शेलूबाजारच्या लोखंडाच्या दुकानदाराशी भाव तोंडी ठरला होता. त्याच्या दुकानाचा मुहूर्त मीच काढलेला. दर दिवाळीचे लक्ष्मीपूजनही माझ्याच हातचे, आणि दक्षिणा मी कधी मागितली नाही. शुक्रवारी सायंकाळी त्याचा फोन आला.

"महाराज, गाडी भरून ठेवली. सकाळी पाठवतो."

"उद्या शनिवार आहे. सोमवारी पाठवा."

"जसं तुमी म्हणान."

सोमवारी गाडी आली नाही. मी प्रवासी जीपने शेलूबाजारला गेलो. भरलेला माल त्याने शनिवारीच दुसऱ्याला विकला होता, आणि भाव चढला होता. दिलेल्या शब्दाचे काय, असे मी विचारले. त्याने मोबाईल माझ्या डोळ्यांपुढे धरला.

"रोज सकाळी भाव बदलून राह्यला, महाराज. मी काय घरून भरू? शनिवार तुमचा, भाव कंपनीचा!"

दुकानातली दोन गिऱ्हाइके हसली. त्यांतला एक म्हणाला, "शनीलेच म्हणा नं, थोडं डिस्काउंट दे म्हणून."

नव्या भावाने माझ्या पुंजीत पाऊण छत झाले असते, आणि पाऊण छत कोणी घालत नाही. भाडे चढू नये म्हणून सेंट्रिंगच्या फळ्या उतरवल्या. आमच्या गल्लीतल्या फाटके बनवणाऱ्या वेल्डरने तर त्या आठवड्यात दुकानच उघडले नाही. जुन्या भावात कबूल केलेली फाटके नव्या लोखंडातून कशी पुरी करायची, हा त्याचा प्रश्न होता. सळया बांधणारी बाई बोचके बांधताना म्हणाली, "तुमच्यापाई थांबलो, बाबाजी. आता पुण्याचा मुकादम घेते का नाही, काय माहीत." मला वर पाहवले नाही.

तो उन्हाळा पत्र्याखाली गेला. पत्नी दुपारी गोणपाट भिजवून पत्र्यावर टाकी. ते घटकाभरात वाळे. तिच्या पाठीवर घामोळ्यांचे फोड आले. मी सायंसंध्येला बसलो की जपात दुकानदाराचा हसरा चेहरा येई. क्रोध जिंकण्याचे श्लोक मी पिढ्यान्‌पिढ्यांकडून पाठ करून घेतले आहेत. त्या उन्हाळ्यात मी त्यांतल्या एकालाही हाक मारली नाही. मी वाट पाहत होतो. दुकानदाराला पंचांग लागतेच.

ज्येष्ठात तो आला. हमरस्त्यावर त्याने नवे गोदाम बांधले होते. उद्घाटनाला जो मोठा पाहुणा यायचा होता, त्याला पुढच्या पंधरवड्यातला एक शनिवार तेवढा मोकळा होता. आणि दुकानदाराच्या म्हाताऱ्या आईचा हट्ट होता की मुहूर्त माझ्याच तोंडचा हवा. मी पंचांग उघडले. तो शनिवार निर्दोष होता, उत्तम होता. मी ते सांगितले नाही. सावकाश पाने उलटत राहिलो.

"चालन नं, महाराज?"

मी पंचांग मिटले. "शनिवार माझा, असे तुम्हीच म्हणाला होता. तो मी देत नाही."

त्याच्या चेहऱ्यावरचे हसू गेले. "तुमी तर डूख धरून बसले, महाराज."

"हो."

तो दोरीच्या खाटेच्या काठावर पुढे सरकून बसला. मग म्हणाला, "काय पाह्यजे ते बोला."

"चैत्रात ठरलेल्या भावाने माझे लोखंड. तुमच्या उद्घाटनाआधी, येत्याच शनिवारी."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मागता आले असते. पण मला त्याच्याकडून शनिवारच वसूल करायचा होता. त्याने मान डोलावली. मग मी त्याला मुहूर्ताची खरी वेळ लिहून दिली.

शनिवारी सकाळी गाडी आली. सळया अंगणात आपटत होत्या, शेजारी दारांत उभे होते, आणि मी फाटकाशी हात मागे बांधून तो आवाज ऐकत होतो. इतकी तृप्ती मला कोणत्याही अनुष्ठानाने दिलेली नाही. तेवढ्यात पत्नी ओले गोणपाट हातात घेऊन शेडबाहेर आली.

"अवो, आज शनिवार हाय नं?"

"शास्त्रात त्याला आधार नाही," मी म्हणालो.

"कधीपासून?"

"कधीच नव्हता."

तिने गोणपाट खाली ठेवले. "मंग उन्हाळाभर मले या पत्र्याखाली काहून ठेवलं?"

गाडीवरचे हमाल खाली पाहू लागले. मी फाटक लावून घेतले.

त्या दुपारी मी सळया बांधणाऱ्याला पुण्याला फोन केला. मुकादमाची उचल घेतली आहे, दिवाळीआधी सुटका नाही, असे तो म्हणाला. दुसऱ्या मिस्त्रीला आणावे असे मनात आले. पण ज्यांना मी थांबवून परत पाठवले होते, त्यांच्यावाचून ते छत घालणे माझ्या मनाला पटेना.

सळया ताडपत्रीखाली आहेत. पत्रा तीन ठिकाणी गळतो. तिथे पत्नी भांडी ठेवते. गोदाम चांगले चालले आहे, कारण मुहूर्त खोटा नव्हता. त्या दुकानदाराला मी क्षमा केलेली नाही आणि करणार नाही. पत्नीने तो प्रश्न पुन्हा विचारलेला नाही.

पुण्याहून फोन ठेवण्याआधी सळया बांधणारा म्हणाला होता, "दिवाळीले येतो, बाबाजी. पण तवा शनिवार-गिनिवार काढू नका."

नाही काढणार, असे मी म्हणालो. पत्नी ऐकत होती.