वीरगळासमोरचं जेवण

देसाईबाई दुपारी डबा घेऊन दालनात जायच्या आणि वीरगळासमोर फरशीवर बसून जेवायच्या. वीरगळ म्हणजे लढाईत मेलेल्या माणसाच्या आठवणीचा कोरीव दगड. खाली गुरं, मधे मारामारी, वर मेलेला गडी स्वर्गात देवापुढे. नाशिकच्या त्या लहान संग्रहालयाच्या बाई प्रमुख होत्या, मी झाडलोट करायचे.

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "बाई, इथं खरकटं सांडतं."

"हा गुरं सोडवताना मेला, हिराबाई. गुरं म्हणजे दूधदुभतं, पोटाचीच गोष्ट आहे. ताट आण तुझं."

बाई तोंडाने फटकळ. आभार मानणं त्यांना माहीतच नव्हतं. तरुणपणी फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात जुन्या देवळांचे, म्हणजे चर्चचे, दगड सांभाळायला शिकून आल्या होत्या. ती देवळं आपल्या वीरगळाच्याच काळातली, असं सांगायच्या. "रिकाम्या पोटी माणूस पाटी वाचतो, दगड बघत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी विश्वस्तांचे अध्यक्ष आप्पासाहेब म्हणाले, "दगड बघायला कुत्रं येत नाही. दालन साड्यांच्या सेलला देऊ."

"लोक येतील. मी जेवायला बोलावते," बाई म्हणाल्या.

तिकडच्या देवळांचे फोटो वीरगळाशेजारी लावायचे आणि त्याच देशातलं कांद्याचं सूप वाढायचं, असा बेत ठरला. आप्पासाहेब भडकले. "देव कोरलेल्या दगडापुढे कांदा?" बाईंनी मुद्दाम कांदेनवमीचा दिवस धरला. आषाढी एकादशीपासून चार महिने कांदा बंद, म्हणून त्याआधी घरोघरी कांदा खातात तो दिवस. आता बोला!

येवल्याचे कांदे मी चिरले. चीज देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलं. बाईंनी पातेल्यात वाईन ओतली तेव्हा मी हात धरला. "शिजली की उडते," म्हणाल्या आणि आणखी ओतली.

संध्याकाळी आम्ही दोघी येऊन बघतो तर दालनाच्या जाळीच्या दाराला कुलूप. किल्ली आप्पासाहेबांच्या खिशात. मी म्हटलं, "संपलं." बाईंनी स्टोव्ह पायरीवर मांडला. "दिवा आत चालू आहे ना? मग दिसतंय."

लोक आले. वाटी हातात घेऊन जाळीला नाक लावून उभे राहिले, तुरुंगात कुणाला भेटायला आल्यासारखे. एक भाजीवाली म्हणाली, "माझ्या सासऱ्यासारख्या मिश्या हायेत की याच्या! आणि लढला कुणाशी?"

"गुरं चोरणाऱ्यांशी. ते पण भुकेलेच असतील. घे, पाव बुडवून खा."

आप्पासाहेब आले. "कुणाच्या परवानगीनं?"

बाईंनी वाटी पुढे केली. "आधी खा, मग ओरडा. परवापासून तुम्हाला कांदा नाही."

त्यांनी खाल्लं नाही. महिनाभरात बाईंना काढलं, दालनात साड्या लागल्या आणि वीरगळ मागच्या अंगणात नळाशेजारी टाकला.

मला वाटलं, आता बाई रडतील. दुसऱ्याच दुपारी त्या छत्री आणि डबा घेऊन हजर. "बरं झालं. आता जाळी नाही, तिकीट नाही." पुढे गुडघे गेले तरी रिक्षाने यायच्या. मरेपर्यंत आल्या.

हल्ली मी जाते. कांदेनवमीला डब्यात ते सूप असतं, वाईनसकट. नवा शिपाई म्हणतो, "आजी, इथं जेवायला मनाई आहे."

मी वीरगळाकडे बोट दाखवते. "त्याला विचार. तो ऊठ म्हणाला तर उठते."