बाबांच्या शिट्टीचे कॉर्ड

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा तो माणूस सगळ्यांना भिंगवाला म्हणूनच माहीत होता. त्याची थोरली बहीण त्याला भिंग्या म्हणायची. ती बस स्थानकावर घोषणा करायची आणि घरीही त्याच आवाजात बोलायची. डावा कान गेला तेव्हा तिने तो हसण्यावारी नेला. उजव्या कानामागे गाठ निघाली तेव्हा मात्र ती त्याला घेऊन डॉक्टरांकडे गेली.

"गाठ काढावीच लागेल," डॉक्टर म्हणाले. "ऐकू येणं राहील की जाईल, आज सांगता येत नाही."

ऑपरेशनच्या सकाळी ताई उपाशीपोटी, बॅग भरून खुर्चीत बसली होती. तिने एकच गोष्ट मागितली होती. बाबा दाढी करताना एक धून शिट्टीवर वाजवायचे. ते गेले तेव्हा भिंगवाला तान्हा होता, त्याला ती आठवणं शक्यच नव्हतं. ताईने ती गुणगुणून दाखवली आणि म्हणाली, "नुसती शिट्टी नको. मागे गिटार भरून वाजव. एकदा पुरी ऐकू दे."

गिटार त्याला जेमतेम यायची. सूर त्याने एकेक करून शोधले होते, पण त्यांच्याखाली कुठले कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायचे सुरांचे जुडगे, धरायचे ते कळेना. म्हणून त्याने लॅपटॉपवर एक सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात ठाऊक असलेले सूर टिपले की ते कॉर्डचं नाव सांगायचं आणि बोटं कुठे ठेवायची तेही दाखवायचं. धून जवळपास जमली होती. फक्त ती शेवटाकडे वळते तिथे घोडं अडलं होतं.

"सी, ई, जी, ए," तो पुटपुटला. पडद्यावर दोन नावं आली: सी सिक्स आणि ए मायनर सेवन. सूर तेच, नावं दोन!

त्याने पहिला वाजवला.

"अंहं," ताई म्हणाली. "बाबा इतके खुशीत नसायचे."

घाईत त्याचं बोट तारेवरून घसरलं. तेवढ्यात खाली टॅक्सीचा हॉर्न वाजला. ताईला तो ऐकू आला नाही. भिंगवाल्याने मान वर केली नाही. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. आता सांगायला हवं, हे त्याला कळत होतं. खिशात फोन थरथरू लागला, तो त्याने तसाच थरथरू दिला.

"काय झालं? तोंड का उतरलं तुझं?"

"काही नाही. ऐक."

सॉफ्टवेअर नावं देऊन मोकळं झालं होतं, निवड मात्र कानानेच करायची होती. त्याने दुसरं नाव घेतलं, खर्जात 'ए' धरला, त्यावर तेच सूर पसरले आणि धून पहिल्यापासून सुरू केली. वळण आलं. ताईने गाल गिटारच्या लाकडाला टेकवला. तिचे डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते.

"हेच," ती म्हणाली. "असेच थांबायचे ते. मग आरशातून माझ्याकडे बघायचे."

"ताई, टॅक्सी कधीची आलीये गं."

तिने डोळे उघडून त्याच्याकडे पाहिलं. "आणि तू वाजवत बसलास? गाढवा!" असं म्हणून ती बॅग घेऊन त्याच्या आधी जिना उतरली.

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या बाकावर भिंगवाला दुसऱ्यांचे चष्मे न्याहाळत बसला, दुसरं काही सुचेना. डॉक्टर बाहेर आले ते मास्क हातात चुरगाळत. गाठ पुरती निघाली होती. कान मात्र वाचला नव्हता.

शुद्धीवर आल्यावर ताईने सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "भिंग्या, तू काही खाल्लंस का?"

त्याने मान हलवली. नाही.

"मग जा ना आधी! मी काय पळून जातेय?"

पुढे स्थानकावरचा माईक दुसऱ्या कुणाच्या हाती गेला आणि ताई तिथेच बसच्या पाट्या रंगवण्याच्या कामावर लागली. तिची अक्षरं एवढी मोठी असायची, की चष्मा विसरून आलेल्यांनाही बस चुकायची नाही.