धाकट्यांची दुपार

थोरल्यांच्या खुर्चीत मी बसलो तो थेट जमिनीच्या दिशेनं गेलो. वेताची बैठक कर्रकन फाटली, गुडघे हनुवटीला टेकले, पाय हवेत गेले आणि बादलीत बसवलेल्या तान्ह्या मुलासारखा मी खुर्चीत अडकून पडलो. स्मारक समितीनं मला वस्तूंखालच्या पाट्या लिहायला नेमलं होतं. पहिली पाटी लिहून व्हायच्या आत पहिली वस्तू मी निकालात काढली होती.

मागच्या खोलीतून सपाता वाजवत एक म्हातारे गृहस्थ आले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं आणि खुर्चीसाठी जास्त हळहळले.

"हात द्या. तो नव्हे, दुसरा. त्यात पेन आहे, माझ्या डोळ्यात जाईल."

सुटका झाल्यावर मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "अहो, या खुर्चीत बसून थोरल्यांनी पाणीयोजना आखली!"

"या खुर्चीत बसून मी बूट काढायचो," ते म्हणाले. "माझी आहे ती."

हे धाकटे, थोरल्यांचे सख्खे भाऊ. थोरले एवढे मोठे झाले की गावानं आदरापोटी त्यांचं नाव घेणं सोडलं. धाकट्यांचं नाव घ्यायची कुणाला कधी गरजच पडली नाही. पुढे त्यांचे केस गेले, दात गेले, नोकरी संपली, बायको गेली. धाकटेपण तेवढं शाबूत राहिलं.

थोरल्यांनी गावाला पाणी दिलं, हे अगदी खरं. त्यासाठी ते राजधानीत कित्येक वर्षं भांडले. पण ते पाणी रोज सोडायचे धाकटे. अंधारातच उठायचं, पुरुषभर उंचीची लोखंडी चावी खांद्यावर टाकायची आणि रस्त्यारस्त्यावर वाकून व्हॉल्व्ह फिरवत जायचं, यात त्यांचा जन्म गेला. पाणी आलं की लोक थोरल्यांना दुवा देत, नाही आलं की धाकट्यांना शिव्या. या वाटणीबद्दल धाकट्यांची तक्रार नव्हती. "लहानपणी खाऊचंही असंच व्हायचं," एवढंच ते म्हणत.

पहाटे उठणाऱ्या माणसाला दुपारची झोप लागते. धाकटे जेवून आडवे झाले की शेजारी बायकोचं शिवणाचं मशीन सुरू व्हायचं. ती आळीतल्या मुलांचे गणवेश शिवायची. खडखड, खडखड, मध्येच थांबून कात्रीचा कचकच आवाज, पुन्हा खडखड. त्या आवाजात धाकटे लाकडाच्या ओंडक्यासारखे झोपत. एकदा थोरले मंत्री झाल्यावर घरी आले, तेही तिथंच आडवे झाले आणि उठल्यावर म्हणाले, "अगं, असली झोप राजधानीत मिळत नाही." नाही म्हणायला तेवढी एकच दुपार ते या घरात झोपले.

थोरले गेले आणि त्यांच्यामागोमाग धाकट्यांची बायकोही गेली. त्याच सुमारास समितीचे सचिव घराचं स्मारक करायला आले. त्यांनी घर पालथं घातलं, पण थोरल्यांची एकही वस्तू सापडली नाही. ते तरुणपणी एक ट्रंक घेऊन निघाले होते आणि ती ट्रंकही परत आली नव्हती. मग खुर्ची धाकट्यांची, छत्री धाकट्यांची, चष्मा धाकट्यांचा, सगळं दिवाणखान्यात मांडलं गेलं. सचिव विचारत, "हे घेऊ का?" धाकटे म्हणत, "घ्या." त्या दिवसांत त्यांना कुणी घराचं छप्पर मागितलं असतं तरी "घ्या" म्हणाले असते. भानावर आले तेव्हा मशीन दिवाणखान्याच्या खिडकीपाशी होतं आणि सगळे त्याला थोरल्यांच्या मातोश्रींचं मशीन म्हणत होते.

"आमच्या आईला सुईत दोरा ओवायला शेजारीण लागायची," धाकटे मला म्हणाले.

"मग सांगितलं का नाहीत?"

"विचारलं कोणी?"

तेही खरंच. बघायला येणारे भिंतीवरचे फोटो बघत, धाकट्यांना स्वच्छतागृह कुठे आहे ते विचारत आणि निघून जात. धाकट्यांशी होणारं दिवसभरातलं संभाषण म्हणजे एवढंच. "डावीकडे, पायरी सांभाळा," हे उत्तर ते आता कुणी तोंड उघडायच्या आधीच देत.

संध्याकाळी सचिव आले आणि खुर्चीच्या भोकापाशी थबकले.

"जुनी होती. गेली," धाकटे म्हणाले.

सचिवांनी बराच वेळ भोकाकडे पाहिलं. मग त्यांनी खुर्चीला हात जोडले. "लिहा," ते मला म्हणाले, "जनतेसाठी अहोरात्र बसून झिजलेली खुर्ची."

धाकट्यांना खोकल्याची उबळ आली. माझं वजन असं इतिहासात जमा झालं. पण सचिव पुढे म्हणाले, "आता धोका पत्करायचा नाही. सगळ्या वस्तूंना काचेच्या पेट्या. उद्याच मापं घ्यायला माणूस पाठवतो."

खोकला थांबला. "मशीनलाही?"

"मातोश्रींच्या मशीनला तर सगळ्यात आधी!"

"त्याला तेल घालावं लागतं हो. गंजेल ते."

"इतिहासाला तेल घालत नाहीत, धाकटे!" सचिव म्हणाले आणि गेले.

ते तेलाचं काय प्रकरण आहे, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. दुपारी स्मारक बंद असतं. मी पाट्यांचे कागद विसरलो होतो म्हणून मागच्या दारानं शिरलो, तर दिवाणखान्यातून खडखड ऐकू आली. धाकटे मशीनपाशी बसून पायडल मारत होते. दोरा नाही, कापड नाही, सुई नुसती खालीवर. मला पाहून ते थांबले.

"झोप येत नाही याच्याशिवाय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "पण मी चालवलं की मला झोपता येत नाही. आणि झोपलो तर चालवणार कोण?"

हसावं की काय करावं, कळेना. या माणसानं मला खुर्चीतून उपसून काढलं होतं, वर माझ्या चुकीवर पांघरूणही घातलं होतं, आणि माझ्या त्या एका बसण्यापायी त्याची दुपार आता काचेत जाणार होती.

मी तिथंच पाटी लिहिली: "धाकट्यांच्या पत्नीचं शिवणाचं मशीन. यावर त्यांनी आळीतल्या मुलांचे गणवेश शिवले." थोरल्यांच्या त्या झोपेचा उल्लेख मी मुद्दाम गाळला. तेवढं एक वाक्य लिहिलं असतं, तर मशीन जन्माचं पेटीत गेलं असतं.

सचिवांनी ती दोनदा वाचली. "या कोण मध्येच?"

"भावजय. मशीन त्यांचं होतं. मातोश्रींच्या वेळी घरात मशीनच नव्हतं."

"अहो, लोक थोरल्यांसाठी येतात! उद्या तुम्ही धाकट्यांच्या सपाता मांडाल."

"मग काय करू?"

"काढा ते इथून! मागे कुठंतरी टाका नेऊन."

"आपण म्हणाल तसं," मी शक्य तितकं पडेल तोंड करून म्हणालो.

धाकट्यांनी आणि मी मशीन उचललं आणि दर चार पावलांवर टेकवत मागच्या खोलीत नेलं. खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, कपड्यांची दोरी आणि कोपऱ्यात ती लोखंडी चावी. ती मात्र समितीनं कधी मागितली नव्हती. मशीन खाटेशेजारी ठेवल्यावर खोली एकदम भरली. धाकट्यांनी चाकावरून फडकं फिरवलं, तेलाचे थेंब सोडले, आणि खाटेवर आडवे होऊन भिंतीकडे तोंड केलं.

मी जायला निघालो आणि दारातून परत फिरलो. मशीनपुढचं स्टूल आधी दोन्ही हातांनी दाबून पाहिलं, मग बसलो. पायडल मारलं तर चाक उलटंच फिरलं.

"उलटं," भिंतीकडून आवाज आला.

हातानं चाकाला सरळ गती दिली. आता लय सापडली. खडखड, खडखड. बाहेर उन्हात रस्ता ओस पडला होता. धाकट्यांचा खांदा हळूहळू सैल होत होता. मला राहवेना.

"काय धाकटे, वहिनींसारखं जमतंय का?"

"बोलू नका, चालवा."